काटा थांबेपर्यंत

४ मे

बारक्या,

तुझं नाव मी एका फॉर्मवर लिहिलं आहे. लगेच हुरळून जाऊ नकोस. 'जवळचा नातेवाईक' असा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवला तर पुढचं पान मिळत नाही, असं इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईनं सांगितलं. मी वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं नाव सुचवलं. "रक्ताचं कुणी नाही का?" म्हणाली, तेही अशा आवाजात की रांगेतली झाडून सगळी माणसं वळून बघायला लागली. तेव्हा रागाच्या भरात तुझं लिहिलं. पत्ता तुझ्या वहिनीच्या शिवणाच्या डब्यात सापडला. ती दर वर्षी तुला पत्र टाकायची हे मला ती गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर घरात भांडण झालं असतं, म्हणून बरंच झालं.

आता तुला इस्पितळातून सहीसाठी कागद येईल. तू नेहमीप्रमाणे अर्धवट वाचशील आणि भलताच अर्थ काढशील, म्हणून मीच सांगतो.

मला कंपवात झाला आहे, डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. चार वर्षं झाली. हात थरथरतो ते सोड. अक्षर मुंगीएवढं होत चाललंय, तेही तुला दिसतंच आहे. खरा वैताग निराळा आहे. निजलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. धडधाकट शरीरात त्याच क्षणी हुकूम सुटतो, नळ्या आवळा, दाब सांभाळा. माझ्यात तो हुकूम वेळेवर सुटत नाही. माझ्या कचेरीतले कारकूनही असेच होते, पण त्यांच्यामुळे कुणी जमिनीवर आदळत नव्हतं. मी तीनदा आदळलो. तिसऱ्यांदा शेगडीजवळ. भुवईला पाच टाके पडले. शिंपीणबाईंना वर आवाज ऐकू गेला नसता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती आणि तुझाही त्रास वाचला असता.

इथली डॉक्टर म्हणजे एक पोरगी आहे. माझी वजनांची पेटी तिच्यापेक्षा वयानं मोठी असेल. ती म्हणाली, "आजोबा, आणखी एकदा पडलात तर मला लिहावं लागेल की तुम्ही एकटे राहू शकत नाही." म्हणजे वृद्धाश्रम. तिथल्या कोठीघराचा काटा मी नोकरीत असताना दोनदा तपासला आहे. माणसं दिवसभर दाराकडे तोंड करून बसलेली असतात आणि कुणी आत आलं की सगळी एकदम बघतात. मी तिथे जाणार नाही. हे एकच वाक्य या पत्रात मनापासून लिहिलं आहे असं समज.

तर आता त्यांचा प्रयोग. कानाला एक चिमटा लावायचा, कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा धाकटा भाऊ म्हण. त्याची वायर एका डबीत. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास कानात मुंग्या येतात. कानातली एक नस हृदयाशी संधान बांधून असते म्हणे, तिला डिवचलं की दाब सांभाळायचा राहिलेला हुकूम कदाचित सुटेल. कापाकापी नाही, सुई नाही. उपयोग होतो का, ते त्यांनाही ठाऊक नाही, म्हणून तर आमच्यावर करून बघतायत. बारा आठवडे. रोज सकाळी निजून रक्तदाब मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला मोजायचा, आणि वहीत लिहायचं. मोजायचं काम त्यांनी योग्य माणसाला दिलं आहे, एवढंच या सगळ्यात शहाणपण.

सही करून कागद परत पाठव. जास्त काही लिहायची गरज नाही.

वजनमापे निरीक्षक (निवृत्त)


२७ मे

बारक्या,

कागद आला नाही. सही करायला दोन मिनिटं लागतात, तुला अठरा वर्षंही पुरत नाहीत. खिडकीतल्या बाईला मी सांगितलं की माझा भाऊ फिरतीवर असतो. तुझ्यासाठी खोटं बोलावं लागलं याची नोंद घे.

इस्पितळात माझ्या शेजारी एक माजी पोस्टमास्तर बसतो. त्यालाही हेच दुखणं, हाच प्रयोग. माणूस इतका मोघम आहे की याच्या हातून लोकांना पत्रं मिळत तरी कशी होती याचं मला नवल वाटतं. त्याचा चिमटा कानाच्या भोकासमोर जो कुर्चेचा छोटा उंचवटा असतो, तिथे. माझा पाळीला. मी पोरीला विचारलं तर म्हणाली, "सहा आठवडे एका जागी, सहा आठवडे दुसऱ्या. खरी जागा कुठली ते सांगता येणार नाही, आजोबा." सांगायला कशाला हवं? पाळीत कसली नस? तिथे बायका डूल घालतात. डूल घालून रक्तदाब सुधारत असता तर तुझी वहिनी अजून असती.

हा पोस्टमास्तर घरी रक्तदाब कसा मोजतो, ऐक. उभा राहतो, डुलत असतो, बायकोशी भाजीवरून वाद चालू असतो, आणि यंत्रानं एका मिनिटाला जो आकडा दाखवला तो निमूट लिहितो. ऐंशी तर ऐंशी, एकशे दहा तर एकशे दहा. आणि वर शेखी मिरवतो की एक दिवस चुकला नाही. असल्या आकड्यांवर उद्या लोकांचे उपचार ठरणार.

मी काम कसं करतो ते तुला माहीत आहे. डुलत्या फळीवर तराजू ठेवून माप घेत नाहीत, आधी तो घट्ट बसवायचा. म्हणून उभा राहिलो की मी स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलाला टेकतो. दुसरं, काटा थांबल्याशिवाय वाचायचा नाही. सुरुवातीचे आकडे उड्या मारतात, शहाण्णव काय, अठ्ठ्याऐंशी काय, डोळ्यांपुढे काजवेही चमकत असतात. अशा वेळचा आकडा कोण विचारतो? लागोपाठ तीनदा सारखा आला की मगच तो वहीत. कधी दहा मिनिटं लागतात, कधी वीस. पण येतो तो आकडा असा की कुणीही ठोकून बघावा. निजून एकशे चाळीस, उभ्यानं एकशे छत्तीस. पोरगीनं वही पाहिली, दोनदा पानं उलटली, आणि "छानच की," म्हणाली. पोस्टमास्तराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो मोजमापात माझ्या पासंगालाही पुरणार नाही.

काल सकाळी दारात जरा तोल गेला. पडलो नाही. टेकलो, एवढंच. वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं.

वजनमापे निरीक्षक (निवृत्त)


२४ जून

बारक्या,

आठवड्यापूर्वी चिमटा पाळीवरून पुढच्या उंचवट्यावर सरकवला. मुंग्या जास्त येतात, दाढेपर्यंत जातात. आकडे जसेच्या तसे, म्हणजे उत्तम. पोरगी पेनाचं टोपण चावत वहीकडे बघत होती. दोन्ही जागी सारखाच फायदा कसा, हे तिला उलगडेना. मला मौज वाटली. म्हटलं, मोजणारा चोख असला की तुमचे हे लपाछपीचे खेळ चालत नाहीत.

"पण तुम्ही घरी पडता का अजून?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. गेल्या महिन्यात दोनदा गुडघे टेकले होते, पण गुडघे टेकणं म्हणजे पडणं नव्हे. आणि तिला सांगितलं असतं तर तिनं ते वृद्धाश्रमाचं वाक्य लिहिलं असतं.

तुझा कागद अजून नाही. खिडकीतल्या बाईनं आता फिरती कुठली म्हणून विचारलं. तू अजून त्या एका तराजूवर रुसून बसला आहेस हे मला ठाऊक आहे. तो विषय मी काढणार नव्हतो, पण तुझ्या गप्प बसण्यानं तू रोज काढतोस.

त्या दिवशी माझे साहेब माझ्या मागे उभे होते. बाजारातल्या प्रत्येक दुकानाची तपासणी चालू होती आणि सगळ्यांना बघायचं होतं की निरीक्षक सख्ख्या भावाच्या दुकानात काय करतो. तुझ्या त्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाला मी वगळलं असतं तर बाजारानं माझ्या तोंडावर हसून घेतलं असतं. मी प्रमाण वजन ठेवलं, वाचलं, 'कमी भरतो' म्हणून लिहिलं आणि सील मारून तराजू जप्त केला. तू भर गर्दीत म्हणालास, "दादा, काटा थांबू दे." दुकानदारानं निरीक्षकाला शिकवायचं. साहेब हसले. त्या हसण्यावर मी दुसरं काय करणार होतो?

आणि दुकान काही त्या सीलमुळे बंद पडलं नाही, तुझ्या हेकटपणामुळे पडलं. चूक कबूल करून दंड भरला असतास तर आठवड्यात तराजू परत मिळाला असता. पण नाही. "चूक नाही तर दंड कशाचा?" म्हणून तू कुलूप लावलंस आणि गाव सोडलंस. सगळ्यांच्या नजरेत मी भाऊ बुडवणारा ठरलो.

त्यानंतर पुढच्या सगळ्या नोकरीत मी काटा पूर्ण थांबेपर्यंत उभा राहायचो. वीस वीस मिनिटं. दुकानदार जांभया द्यायचे, शिपाई मागे नकला करायचे. पण मला हलता काटा वाचताना पुन्हा कुणी पाहिलं नाही.

सही पाठव.

वजनमापे निरीक्षक (निवृत्त)


३१ जुलै

बारक्या,

परवा शेवटची तपासणी झाली. ती सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही, हे माझं दुर्दैव.

त्यांच्याकडे एक टेबल आहे. त्यावर पट्टे बांधून निजवतात आणि टेबल हळूहळू उभं करतात. टेकायला स्टूल नाही, थांबायला सवड नाही. दंडाला त्यांचाच पट्टा आणि आकडे भिंतीवरच्या पडद्यावर, सगळ्यांना दिसतील असे. निजून एकशे बेचाळीस. मी पोरीकडे असं पाहिलं की बघ आता. एका मिनिटाला चौऱ्याण्णव. दुसऱ्या मिनिटाला एकोणऐंशी. तिसरं मिनिट मला माहीत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा टेबल आडवं होतं आणि माझ्या चपला कुणीतरी नीट जोडून ठेवल्या होत्या.

पोरगी रागावली नाही. रागावली असती तर मला चाललं असतं. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "घरी कसं मोजता, ते मला करून दाखवा." मी तिथलं एक उंच स्टूल मागवलं आणि दाखवलं. टेकलो. पहिला आकडा सोडला, दुसरा सोडला. तिनं मध्ये अडवलं नाही. सतरा मिनिटं ती हाताची घडी घालून बघत राहिली. एकशे चौतीस लागोपाठ तीनदा आला तेव्हा मी म्हणालो, "हा."

ती म्हणाली, "आजोबा, हा बसलेल्या माणसाचा दाब आहे. आम्हाला तो उडणारा आकडाच हवा होता. तुम्ही पडता तो त्या एका मिनिटात. बाकीचं सगळं तुम्ही अगदी बरोबर मोजलंत, फक्त आजार तेवढा गाळलात."

मग म्हणाली की वही बाद करावी लागेल. माझी वही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझी एक ओळ कुणी खोडली नव्हती. आणि त्या पोस्टमास्तराची वही, भाजीच्या भांडणातून लिहिलेली, ती ग्राह्य. तो दारातून मला हात करून गेला. चांगल्या मनानं केला असावा, म्हणून जास्तच लागला.

सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची परवानगी ती द्यायला तयार आहे. एक अट आहे. पहिला आठवडा रोज उभं राहताना शेजारी घरचं माणूस हवं. त्यानं हात लावायचा नाही, पडलो तर धरायचं, आणि एका मिनिटाला जो आकडा दिसेल तो त्यानंच लिहायचा. मी नाही. आणि आठवडा संपला की त्यानं मला तिच्याकडे घेऊन यायचं. घरचं कुणी मिळालं नाही तर ती ते वाक्य लिहिणार आहे. तिनं मला कागद दाखवला, रकाना तयार आहे.

शिंपीणबाई "मी उभी राहते, काका," म्हणाल्या. पण त्या माझ्या खांद्याएवढ्या, मी त्यांच्यावर पडलो तर दोघांना टाके घालावे लागतील.

तर एक आठवडा. मी विनंती करतो आहे. हा शब्द तुला पुन्हा माझ्याकडून वाचायला मिळणार नाही, म्हणून नीट वाच.

तुझा थोरला भाऊ


१० ऑगस्ट

बारक्या,

तुझं कार्ड आलं. अठरा वर्षांनी तीन शब्द, तेही पेन्सिलीनं. सही नाही, नमस्कार नाही. 'काटा थांबला होता?'

आधी मी ते फाडणार होतो. मग तुझ्या वहिनीच्या डब्यात ठेवलं. मग काढलं. तीन दिवस हाच उद्योग केला. माझ्यासारखी भेकड माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत, बहुतेक तागडीच्या पलीकडे.

नव्हता थांबला.

मी हलत्या काट्यावर वाचलं. साहेब मागे घड्याळ बघत होते, गर्दी बघत होती, आणि मला लवकरात लवकर सिद्ध करायचं होतं की मी भावाला सोडत नाही. तू म्हणालास ते मला ऐकू आलं होतं. ऐकू आलं म्हणूनच जास्त घाई केली.

एवढंच असतं तर चूक म्हटली असती. तिसऱ्या दिवशी कचेरीत मी तुझा तराजू एकट्यानं दगडी ओट्यावर ठेवला. पातळी लावली, पेटीतली सगळी वजनं एकेक करून चढवली. काटा थांबला. बरोबर होता, बारक्या. केसाइतकाही फरक नव्हता. कागद वर गेलेला होता. तो परत मागवायला एक अर्ज पुरला असता आणि साहेबांपुढे उभं राहून एक वाक्य बोलावं लागलं असतं. मी तराजू फडक्यात गुंडाळून मागच्या खोलीत ठेवून दिला. तू कुलूप लावलंस तेव्हा मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, की आता हा परत येऊन विचारणार नाही.

तुझ्या वहिनीनं विचारलं होतं. त्याच रात्री, जेवताना. मी ताटावरून उठलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, पण शिवणाच्या डब्यात तुझा पत्ता ठेवला.

पुढे जन्मभर काट्यापुढे ताटकळत उभा राहिलो, ते चोखपणा म्हणून नव्हे. भीती होती. आणि त्याच भीतीनं आता माझी वही बाद केली. तुला हसायचं असेल तर हस, मला चालेल.

तू आला नाहीस तरी माझी तक्रार नाही. ते वाक्य ती लिहील आणि मी दाराकडे तोंड करून बसेन.

तुझा भाऊ


२९ ऑगस्ट

बारक्या,

तू काल इस्पितळाच्या दारातून परस्पर बस पकडलीस, त्यानंतरचं तुला ठाऊक नाही म्हणून लिहितो.

आधी हिशेबाचं. तुझ्या हातच्या सात दिवसांचे आकडे पोरगीनं घेतले. अठ्ठ्याऐंशी, ब्याऐंशी, नव्वद, असेच सगळे, एकही दाखवण्यालायक नाही. ती खूश होती. चिमट्याचा गुण येतो की नाही ते अजून कुणालाच माहीत नाही, पण आता निदान कळेल तरी, म्हणाली. ते वाक्य तिनं लिहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात मी पडलो नाही तर लिहिणारही नाही. रोजच्या उभं राहण्याला पोस्टमास्तर बायकोला घेऊन यायला तयार आहे. मला तो अजूनही सहन होत नाही, पण ती हाडानं मजबूत आहे.

सात दिवसांत तू माझ्याशी जेमतेम वीस वाक्यं बोलला असशील. त्यातली निम्मी "दादा, स्टूल सोड" अशी. तराजूचं एक अक्षर काढलं नाहीस. मी रोज वाट बघत होतो की तू शिव्या देशील. तू कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचास. मला राग यायचा. अजूनही येतो.

पण काल पोरीच्या खोलीत मी उभा राहिलो, तू शेजारी, हात उघडे, न लावता. दोन मिनिटांपर्यंत मला तू दिसत होतास. मग नुसतेच हात आले, काखेखाली, दोन्हीकडून. तू मला उचलून पलंगावर ठेवलंस आणि मला ऐकू आलं, "चोपन्न."

"काय चोपन्न?" मी विचारलं.

"किलो. पूर्वी सत्तरीच्या पुढे होतास, दादा. जेवत जा."

आणि मी काय म्हणालो ते तू ऐकलंसच. 'दुकानदारी अंदाज' म्हणालो. 'हातानं कुणी वजन करतं का' म्हणालो. तू हसलास की काय ते मला कळलं नाही. मग तुझ्या बसची वेळ झाली.

तू गेल्यावर मी बाहेरच्या बोळात गेलो. तिथे एक जुना वजनकाटा आहे, गोल तबकडीचा, सुई असलेला. आधी त्याची पातळी पाहिली. सुई शून्यावर आहे याची खात्री केली. चपला काढल्या, खिशातली किल्ली काढून ठेवली. खिडकीतली बाई ओरडली, "आजोबा, एकटे नका चढू." मी चढलो. टेकायला काही नव्हतं.

मी थांबलो. पुष्कळ थांबलो. पण मीच कापतो आहे, तर सुई थांबणार कशी? ती त्रेपन्न आणि पंचावन्नमध्ये हेलकावत राहिली, इकडे आणि तिकडे, आणि डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. ती थांबणार नाही हे मला कळलं. मी जिवंत आहे तोवर थांबणार नाही.

तेव्हा हलत्या काट्यावर वाचलं आणि खाली उतरलो. बाईकडून कागद मागून घेतला. सोबत जोडला आहे. त्याला शिक्का नाही, कारण शिक्का मी निवृत्त होताना जमा केला. कचेरीतही विचारून पाहिलं, तुझ्या तराजूचा मूळ कागद कधीच रद्दीत गेला, खोडायलाही काही उरलं नाही. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या आहेत, अक्षर लहान आहे, चष्मा लावून वाच.

चोपन्न. तपासलं, बरोबर आहे.

खिळ्यांच्या दुकानातला तराजू. तपासला, बरोबर होता.

दादा